सातव्या लेखातली गाय

मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर जुनं काही लिहायला बसलं की वाचणाऱ्याला वाटतं, बाईचं वय झालं, शेवटी म्हणेल की जाऊ द्या, झालं गेलं गंगेला मिळालं. काही मिळालं नाही. आमच्याकडे गंगा नाही, पूर्णा आहे, आणि उन्हाळ्यात तिलाच पाणी नसतं.

एका माणसानं माझ्यावर खोटा आळ घेतला होता. त्याचं मी उट्टं काढलं, तेही एक खोटं वाक्य न लिहिता. शिवी नाही, भांडण नाही, कोर्ट नाही. एका सॉफ्टवेअरच्या विकीवर लेख लिहिले, ज्ञानकोशात असतात तसले, कोरडे ठणठणीत. अकरा लेख. त्यातल्या सातव्यात तो माणूस आहे.

त्या माणसाची अमरावतीत कम्प्युटरची संस्था होती. एका बँकेच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या, वीस मशीन, आणि दारात चपलांचा ढीग. आम्ही त्याला सर म्हणायचो. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, आणि बोलायला लागला की जसा काही कम्प्युटर यानंच खांद्यावर वाहून वऱ्हाडात आणला. वाचायचा मात्र तिटकारा. पोरांना द्यायच्या नोट्स म्हणजे कुणाच्या तरी पुस्तकाचं झेरॉक्स, लिहिणाऱ्याच्या नावाचं पहिलं पान काढून टाकलेलं. वर्गात ते तो धाडधाड वाचून दाखवायचा. आधी एकदा नजर घालून यावं, एवढंही त्याला जमायचं नाही. ही त्याची खोड लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

मी तिथं शिकवायची आणि टायपिंगची कामं करायची. मी चांदूर रेल्वेकडच्या एका खेड्यातली. मला कम्प्युटर शिकू द्यावं की नाही यावर घरी आठ दिवस खल चालला होता, तेव्हा माझ्या बाजूनं एकच बाई उभी राहिली. माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. मी तिला मोठी माय म्हणते. आई कापूस वेचायला गेली की मी तिच्याच घरी जेवायची, माझ्या वेण्या तीच घालायची. ओसरीवर येऊन ती माझ्या बापाला म्हणाली, "शिकू दे पोट्टीले. काय घोडं मारते ते कम्प्युटर तुमचं?" आणि विषय संपला.

पुढे तिचा नवरा वारला, आणि त्यानंतर दोन घरांमध्ये बांधावरून वाजलं. काकाची पोरं म्हणायची, माझ्या बापानं नांगरट करता करता बांध कोरला. बाप म्हणायचा, त्यांनी कोरला. खरं काय ते त्या बांधालाच माहीत. मोठी माय त्यात पडली नाही. मी गावी गेले की पहिला चहा तिच्याकडेच व्हायचा.

ती आमच्या भागाची वाईट वर्षं होती. पेपर उघडला की पहिल्या पानावर आमचेच जिल्हे. धुळीच्या रस्त्यांवरून मोठ्या गाड्या यायच्या, फोटो काढून जायच्या, आणि मागून योजना यायच्या. त्यातली एक योजना गाय वाटायची. संकरित, दुधाची गाय. अर्ज आले पोत्यानं, आणि ते कम्प्युटरवर चढवायचं काम कुठून कुठून फिरत आमच्या सरांकडे आलं. ते माझ्या टेबलावर येऊन पडलं. त्यात माझ्या गावाचाही गठ्ठा होता. त्यात मोठी मायचा अर्ज होता, अंगठ्याचा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळी भानगड तिच्यातच आहे. आमच्या गावात निम्म्याहून जास्त घरांचं आडनाव एकच. नावं ठेवायची तर आज्याचं नातवाला, आजीचं नातीला, देवाचं सगळ्यांना. त्यामुळे तेच नाव, नवऱ्याचं तेच नाव, तेच आडनाव, अशा दोन बाया सहज निघतात. मोठी माय तशीच. तिच्या नावाची, तिच्या नवऱ्याच्या नावाची दुसरी एक बाई वरच्या आळीत राहायची. गावाला काही अडचण नव्हती. एक वरच्या आळीतली, एक विहिरीजवळची. पोस्टमनलासुद्धा ठाऊक. पण अर्जावर विहीर लिहायला जागा नव्हती.

मला हे माहीत होतं म्हणून मी गट नंबरचा रकाना काळजीनं भरला. दोघींची नावं एक, पण जमिनीचे गट वेगळे. काम संपल्यावर वरून फर्मान आलं की काही जणांनी दोनदोनदा अर्ज केलेत, तेवढे दुबार काढून यादी द्या. मी सरांना म्हटलं, "सर, नुसत्या नावावरून काढू नका, खरी माणसं उडतील. गट नंबर जुळवून बघू. मला दोन दिवस लागतील." तोंडी सांगून भागणार नाही म्हणून चिठ्ठीही लिहून दिली, सही करून. त्यानं ती वाचलीच नाही, पेनाच्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी मी दाढदुखीनं डॉक्टरकडे गेले होते. तेवढ्यात सर माझ्या मशीनवर बसले, नावाचे तीन रकाने निवडले, आणि दुबार काढायचं बटण दाबलं. मशीन बिचारं सांगितलं तेवढं ऐकणार. पहिलं नाव ठेवलं, खालचं उडवलं. आमच्या गावची चार माणसं उडाली. वरच्या आळीतली राहिली, विहिरीजवळची गेली. मी परत आले तोवर यादी तालुक्याला पोचली होती.

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली आणि गाव पेटलं. पाच-सहा जण जीप करून थेट संस्थेत आले. त्यांच्यात मोठी मायचा मोठा मुलगा. तालुक्याचा एक साहेबही बसलेला होता. मी माझ्या खुर्चीत. मला वाटलं, सर सांगतील की घाईत झालं, दुरुस्त करून देऊ. सरांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे बोट केलं. "एंट्री या मॅडमनी केली. तुमच्याच गावच्या आहेत ना? मग त्यांनाच विचारा, नावं कशी गळाली ते."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. मी म्हटलं, मी चिठ्ठी दिली होती. सर म्हणाले, कुठली चिठ्ठी? ती त्याच्या खिशातून पेनाच्या मागून डोकावत होती, देवाशपथ. मी उठून ती ओढून काढायला हवी होती. मी रडायला लागले. आजही तेवढंच आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

गावाला दुसरा पुरावा नको होता. बांधाचं भांडण होतंच. संध्याकाळपर्यंत पारावर वाक्य तयार झालं आणि ते पुढची तीन वर्षं माझ्या बापानं ऐकलं: "बापानं नांगरानं बांध कोरला, पोरीनं कम्प्युटरानं." बाकीच्या गावांतलीही नावं गेली होती हो, पण तिथं माझा बाप नव्हता आणि बांधही नव्हता. दुरुस्तीचा अर्ज केला तेव्हा गायी वाटून संपल्या होत्या. सरांनी महिन्याभरात मला काढलं. कारण सांगितलं, संस्थेची बदनामी.

गावचे लोक काय म्हणाले याचं मला तेवढं नाही. गावाला बोलायला काहीतरी लागतंच. पण दोन महिन्यांनी चुलतबहिणीचं लग्न होतं. मी पंगतीत बसले. मोठी माय बुंदी वाढत येत होती, प्रत्येकीला आग्रह करत, "घे वं, घे, लाजून काय रायली?" माझ्यापाशी आली, माझं पान ओलांडलं, आणि पुढच्या बाईला वाढलं. जिनं मला हातानं भरवलं तिनं माझं पान वगळलं. मी तशीच उठले आणि त्या दिवसापासून गावचा रस्ता सोडला. मला गाय नको होती, नोकरी नको होती. मोठी मायला कळायला हवं होतं की ते मी केलेलं नाही. आणि ज्यानं केलं त्याला त्याच्याच तोंडानं कबूल करायला लावायचं होतं. एवढ्या दोन गोष्टींसाठी मी पुढची तीन वर्षं जगले, असं म्हटलं तरी चालेल.

अकोल्याला एका कॉलेजात लॅब असिस्टंटची जागा मिळाली. दिवसातून सहा-सात तास लाईट नाही. दुपारी पंखा बंद, मशीन बंद, पोरं पळालेली, आणि मी एकटी त्या भट्टीत. तिथंच मला एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लोकांचा पत्ता लागला. तक्ते, याद्या, हिशेब करायचं सॉफ्टवेअर. जगभरातली हौशी मंडळी ते बनवायची, आणि त्याचा एक विकी होता, म्हणजे कुणीही येऊन लिहावं, कुणीही येऊन सुधारावं असा माहितीचा साठा. मराठीचा विभाग जवळपास रिकामा होता. त्यांना हवे होते ओळख करून देणारे लेख: तक्ता म्हणजे काय, रकाना म्हणजे काय, क्रम कसा लावतात, यादी कशी गाळतात.

मी लिहायला लागले. लाईट नसताना जुन्या प्रॅक्टिकलच्या कागदांच्या पाठीवर लिहायचं, लाईट आली की टाइप करायचं. पहिला लेख मी वर्गात शिकवायची तसा लिहिला, ऐटीत. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर निम्मा गायब. मराठी विभाग बघणारे एक गृहस्थ पुण्याचे होते. त्यांनी चर्चेच्या पानावर लिहून ठेवलं होतं: "लेखात 'मी' नको. विशेषणे नकोत. मत नको. वाचकाला उपदेश नको. जे आहे ते सांगा." मी मनातल्या मनात त्यांना अस्सल वऱ्हाडी शिव्या दिल्या. मग तो लेख परत वाचला. माणूस बरोबर होता. विशेषणं काढल्यावर प्रत्येक वाक्य दुप्पट जोरानं लागत होतं.

आणि तिथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला.

सरांच्या संस्थेत काउंटरवर माझी एक मैत्रीण अजून होती. तिच्या घरचं कापडाचं दुकान, घरात उर्दू, बाहेर वऱ्हाडी, आणि दोन्हींत जीभ सारखीच तिखट. तिला फोन केला आणि विचारलं, आता सर नोट्स कुठल्या देतात? ती म्हणाली, "अगं, ते जुनं पुस्तक बंद झालं. नवं सॉफ्टवेअर आणलंय, फुकटवालं. मराठीत नोट्सच नाहीत. परेशान हैं बेचारे." मी सॉफ्टवेअरचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. तेच निघालं, ज्याच्या विकीवर मी लिहीत होते. मी फोन ठेवला आणि त्या उकाड्यात एकटीच हसले.

तिच्याकडून मी त्याच्या अभ्यासक्रमाचा कागद मागवून घेतला. अकरा धडे होते. मी त्याच क्रमानं, त्याच मथळ्यांचे अकरा लेख लिहायला घेतले. प्रत्येक लेख असा नेटका, असा सोपा, की आळशी माणसानं उचलल्याशिवाय राहूच नये. दोन पानांत बसेल एवढाच, म्हणजे झेरॉक्सला परवडेल. खाली सरावाचे प्रश्नही दिले. आयत्या बिळावर नागोबा येणार हे मला ठाऊक होतं, मी फक्त बीळ सारवून ठेवत होते. जवळपास वर्ष गेलं त्यात. खरं सांगू? सूड घेता घेता मी चांगलं लिहायला शिकले. ते लेख अजून लोक वाचतात. ज्याला पहिल्यांदा यादी करायची असते तो नागपूरहून वाचतो, कोल्हापूरहून वाचतो. पण मी लिहिले ते एकाच माणसासाठी.

सातवा धडा होता: दुबार नोंदी काढणे.

त्या लेखाचे मी किती खर्डे केले कोण जाणे. पहिल्यात राग होता, तो पुण्याच्या गृहस्थांनी उडवला. दुसऱ्यात ते म्हणाले, "ही घटना कुठे प्रसिद्ध झाली आहे? आधार द्या. आणि व्यक्तींची नावे नकोत." मी म्हटलं, आधार म्हणजे ग्रामपंचायतीची भिंत, ती कशी जोडू? दोन दिवस उत्तर नाही. मग त्यांनीच वाट दाखवली: "घटना म्हणून लिहू नका. उदाहरण म्हणून लिहा. आधी 'समजा' घाला." बाप्पा! त्या तीन अक्षरांचं मोल त्या भल्या माणसाला कधी कळलं नसेल. मी नावं काढली, 'समजा' घातलं आणि बाकी एक अक्षर हलवलं नाही.

लेखात शेवटी राहिलं ते असं:

"केवळ नावांचे रकाने जुळवून दुबार नोंदी काढल्यास खऱ्या व्यक्तीही यादीतून वगळल्या जातात. समजा, एका संगणक संस्थेकडे गायवाटपाच्या अर्जांची यादी करण्याचे काम आहे. एका गावात एकाच नावाच्या दोन स्त्रिया आहेत. एक वरच्या आळीत राहते, दुसरी विहिरीजवळ. दोघींचे गट क्रमांक वेगळे आहेत. टंकलेखिका गट क्रमांक जुळवण्याची लेखी सूचना संस्थाचालकास देते. संस्थाचालक ती वाचत नाही व टंकलेखिकेच्या अनुपस्थितीत स्वतः दुबार नोंदी काढतो. विहिरीजवळच्या स्त्रीचे नाव वगळले जाते. तक्रार आल्यावर संस्थाचालक दोष टंकलेखिकेवर ढकलतो. या उदाहरणात चूक संगणकाची नाही व टंकलेखिकेचीही नाही."

आणि खाली सरावाचा प्रश्न: "या उदाहरणात चूक कोणाची? कारणासह लिहा."

तीन महिने काही झालं नाही. माझा जीव टांगणीला. मग एक दिवस दुपारी मैत्रिणीचा फोन आला, आणि तिला हसूच आवरेना.

"अगं, आज तुझा सातवा झाला."

सरांनी अकराही लेख छापून पोरांना वाटले होते, विकीचं नाव अर्थातच काढून. सवयीप्रमाणे खुर्चीत बसून ते धाडधाड वाचत सुटले. ही काउंटरवरून ऐकत होती. गायवाटपाशी आवाज जरा अडखळला. वरच्या आळीशी हळू झाला. पण पोरांच्या हातात कागद होते, बोटं ओळीवर होती, थांबणार कुठं? "संस्थाचालक ती वाचत नाही" हे त्यानं स्वतःच्या तोंडानं वाचलं. "दोष टंकलेखिकेवर ढकलतो" इथवर आला आणि घसा खाकरून म्हणाला, पुढचं घरी वाचा.

पण वर्गात आमच्या गावची एक पोरगी होती. ती उभी राहिली. "सर, ही गाईवाली यादी तर आमच्या गावची हाये. विहिरीजवळची म्हंजे आमची आजीच." आणि मग, अगदी साळसूदपणे, "सर, प्रश्नाचं उत्तर काय लिवायचं?"

मैत्रीण म्हणाली, "चेहरा बघायला पाहिजे होता तू. एकदम राख." त्यानं ओरडून सगळे कागद परत मागवले. हिनंच गोळा केले. एक कमी भरला. त्या पोरीनं तो पिशवीत घातला होता आणि हिनं मुद्दाम पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी कुणीतरी विकीवर येऊन सातव्या लेखातून तो परिच्छेद काढून टाकला. विकीत कोण काय करतो त्याचा इतिहास राहतो, आणि याला ते माहीतच नव्हतं. वीस वर्षं कम्प्युटर शिकवणारा माणूस! तासाभरात पुण्याच्या गृहस्थांनी परिच्छेद परत लावला, शेरा मारून: "कारण न देता मजकूर काढला." त्यानं परत काढला, त्यांनी परत लावला. तिसऱ्यांदा त्याचं लिहिणंच बंद करून टाकलं. ज्या माणसाला मी वर्षभर शिव्या घातल्या तो माझ्या वाक्यांसाठी राखणीला उभा होता, आणि आपण कशाची राखण करतोय याची त्याला कल्पनाही नव्हती. मला इतका आनंद झाला की मी लॅबच्या पोरांना समोसे आणले. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

आनंद टिकला चार दिवस. मग वडिलांचा फोन आला. आवाज घाबरल्यासारखा. "मोठी माय बोलावून रायली तुले. कागद वाचला म्हणे तिच्या सुनेनं. ये लवकर."

अकोल्याहून पॅसेंजरनं चांदूरला उतरले, तिथून ऑटोनं गाव. सोबत अकराही लेख नीट छापून नेले होते, जणू काही परीक्षेला चालले होते. मोठी माय ओसरीवर बसली होती, पुढ्यात तो पिशवीतून आलेला चुरगळलेला कागद. खूप वाळली होती.

"बस," म्हणाली. मी बसले. "सुनेनं तीनदा वाचला. खरं हाये हे?"

"खरं हाये, मोठी माय. माह्या गळ्याची आन."

"त्या मास्तरनं केलं?"

"त्यानंच."

तिनं कागदाची चुरगळ हातानं सरळ केली. मग म्हणाली, "गाईचं काही नाही वं. वरच्या आळीतलीची गाय वैशाखात गेली. रोज पान्याचे हंडे वाहून वाहून त्या बाईची कंबर गेली, ते येगळंच. मले नाही भेटली ते बरंच झालं." आणि एकदम माझ्यावर नजर रोखली. "पन तू तवा काहून नाही आली?"

"तू माह्यावर इस्वास ठेवला असता का?"

"नसता ठेवला. झोडपलं असतं तुले. शिव्या देल्या असत्या अठीच, गाव गोळा करून. आन् मंग जेवू घातलं असतं. तू आलीच नाही त मी काय समजू? मले वाटलं, केलं म्हनूनच येत नाही."

तीन वर्षं मी विशेषणं काढत बसले होते आणि चांदूरची पॅसेंजर रोज सुटत होती. मला रडू आलं, आणि यावेळी त्याची लाज वाटली नाही. तिनं रडू दिलं. मग तो कागद माझ्यासमोर सरकवला.

"यात माहं नाव कुठी हाये? दाखव."

"नाव नाही, मोठी माय. तठी नावं लिवत नाही. नियम हाये."

"सुनेनं वाचलं, विहिरीजवळची स्त्री. विहिरीजवळ त म्हसबी बांधते मी. सरकारच्या यादीत माहं नाव नाही, तुह्या कागदातबी नाही. मंग मी हाये कुठी?"

पुण्याच्या गृहस्थांनी नावं नकोत म्हटलं तेव्हा मला उलट बरंच वाटलं होतं. त्याच्यावर नेम धरला होता ना मी, मग हिचं नाव गेलं काय आणि राहिलं काय! यादीतून त्यानं तिला उडवलं, आणि लेखातून मी. हे मला तिच्या ओसरीवर बसल्यावर कळलं.

"पेन हाये ना? लिही," म्हणाली.

मी परिच्छेदाच्या शेजारी मोकळ्या जागेत तिचं नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, आणि पुढे कंसात विहिरीजवळची. तिनं त्यावर बोट फिरवलं. "आन् हे टंकलेखिका कोन?"

"मी."

"मंग तुहंबी लिही. माह्या खाली." मी लिहिलं. "आन् त्या मास्तराचं?"

"त्याचं नको, मोठी माय. भानगड होईल."

"काहून नको वं? तुहं लिवलं, माहं लिवलं, आन् ज्यानं केलं त्याचंच नाही? ही कोनती यादी? लिही! मोठ्या अक्षरात लिही!"

मी लिहिलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, म्हणजे त्याच नावाच्या दुसऱ्या कुणा माणसावर अन्याय व्हायला नको. तिनं सुनेला तिन्ही नावं मोठ्यानं वाचायला लावली. मग चुलीवरची खळ मागवली, उठली, आणि तो कागद स्वतःच्या हातानं ओसरीच्या भिंतीला चिकटवला, रस्त्याकडून दिसेल असा. तळहातानं दाबत म्हणाली, "आता झाली यादी." मग आत गेली आणि माझं पान वाढलं.

ती तिन्ही नावं मी इथे लिहिलेली नाहीत. ज्याला पाहायची असतील त्यानं तिच्या ओसरीवर जावं. सातव्या लेखातल्या प्रश्नाचं उत्तर तिथं लावलेलं आहे.